शेवयांची वाट : फो, थुक्पा आणि आपले सरगुंडे

(दिघोरी, जि. भंडारा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘शेवया’. फोनवर जरा शांतता पसरली. तत्त्वज्ञानाचा माणूस, आयुष्यभर शंकराचार्य आणि कांट शिकवला, आता वय झालं म्हणून स्वयंपाकघरात शिरला की काय, अशी शंका त्यांना आली असावी. तसं काही नाही. मला आज इतिहासच सांगायचा आहे. फक्त तो राजवाड्यातून किंवा ताम्रपटातून न सांगता वाटीतून सांगायचा आहे. रश्शात बुडालेल्या शेवयांची एक वाटी. ती व्हिएतनाममध्ये ‘फो’ होते, तिबेटी माणसाच्या घरी ‘थुक्पा’ होते, आणि आपल्या झाडीपट्टीत तिचे नातेवाईक कोण, तेही आपण बघू.

एक प्रश्न सुरुवातीलाच तुमच्यापुढे ठेवतो. एखादा पदार्थ ‘कुणाचा’ असतो? जिथं तो जन्मला त्या जागेचा, की जो तो रांधतो त्याचा, की जो खातो त्याचा? हा प्रश्न नुसता जिभेचा वाटतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. माणूस कुठला असतो? त्याचा बाप जन्मला तिथला, की तो स्वतः नांगर धरतो तिथला? आपल्या शेजारी ५० वर्षांहून जास्त काळ राहणारी एक वस्ती आहे, तिच्यासाठी हा प्रश्न पुस्तकातला नाही. त्या वस्तीकडे मी येणार आहे. आधी थोडं लांबून येऊ.

चीनमध्ये छिंगहाय नावाचा प्रांत आहे. तिबेटच्या पठाराची ईशान्येकडची कड तिथं येते. तिथं पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात लाजिया नावाचं एक प्राचीन गाव उत्खननात सापडलं. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी ते एका मोठ्या आपत्तीत गाडलं गेलं. त्या मातीत एक वाडगा उपडा पडलेला मिळाला. तो उचलला तर खाली पिवळ्या, पातळ, लांबच लांब शेवया. २००५ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात ही बातमी छापून आली. तपासणीअंती संशोधकांनी सांगितलं की या शेवया गव्हाच्या नाहीत, राळ्याच्या आणि त्याच जातकुळीतल्या दुसऱ्या एका बारीक धान्याच्या आहेत.

यावर लगेच वाद उभा राहिला, आणि तो वाद इथल्या बायकांना जास्त चांगला समजेल. राळ्याच्या पिठाला तार येत नाही. गव्हाचं पीठ मळून मुरू दिलं की त्याला चिकाटी येते, ओढलं की लांबतं. हे गव्हातल्या ग्लुटेनचं काम. राळ्यात, तांदळात ते नाही. मग त्या शेवया ओढल्या कशा? काही अभ्यासकांचं म्हणणं पडलं की त्या ओढलेल्या नसाव्यात, पीठ शिजवून साच्यातून दाबून काढलेल्या असाव्यात.

ही साधी तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा, कारण जगातल्या सगळ्या शेवया या एका प्रश्नावर दोन घराण्यांत वाटल्या गेल्या आहेत. एक घराणं गव्हाचं. ते ओढतं, वळतं, ताणतं. दुसरं तांदळाचं. त्याला ओढता येत नाही, म्हणून ते आधी उष्णतेनं पीठ चिकट करून घेतं आणि मग साच्यातून दाबतं, किंवा वाफेवर पातळ थर करून कापतं.

गव्हाचं घराणं आपल्याकडे जुनं आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘सेविका’ आहेत. गव्हाच्या पिठाच्या बारीक वळ्या करायच्या, वाळवायच्या, दुधात शिजवायच्या आणि तूप-साखर घालून खायच्या. म्हणजे आपली खीरच. ‘शेवई’ हा शब्द त्याच कुळातला. आणि झाडीपट्टीतले आपले सरगुंडे! उन्हाळ्यात आया-बाया एकत्र बसतात, भिजवलेल्या कणकेची लांब तार काढतात, ती काडीभोवती गुंडाळतात, काडी अलगद ओढून घेतात, आणि ती गुंडाळी वाळवून डब्यात ठेवतात. पाण्यात शिजवले की आंब्याच्या रसाबरोबर खायचे. पुण्या-मुंबईच्या माणसाला सरगुंडे म्हटलं तर तो ‘काय?’ म्हणून विचारतो. मात्र हक्का नूडल्स त्याला माहीत असतात.

तांदळाचं घराणं महाराष्ट्रात कोकणात आहे. सिंधुदुर्गातले शिरवळे. तांदळाच्या पिठाचे गोळे पाण्यात उकडायचे, गरम असतानाच लाकडी साच्यात घालून जोर लावून दाबायचे, आणि खाली पडणाऱ्या शेवया नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. व्हिएतनामच्या ‘बुन’ नावाच्या शेवया आणि हे शिरवळे एकमेकांसमोर ठेवा. दोन्हीकडे तांदूळ, दोन्हीकडे साचा. फरक इतकाच की बुन थेट उकळत्या पाण्यात पडतात. मालवणच्या बाईनं व्हिएतनामकडून हे घेतलं असं मी म्हणत नाही. तांदळाचा स्वभावच असा आहे की त्याच्याकडून शेवई हवी असेल तर जगात कुठंही त्याच रस्त्यानं जावं लागतं. गंमत अशी की आपला भंडारा जिल्हा धानाचा, तलावांचा. चिन्नोर भाताचा सुगंध आपल्या घराघरात. तरी आपली शेवई गव्हाची. भात आपल्याला इतका थेट आवडतो की त्याचं रूप बदलावं असं वाटलंच नसावं.

आता व्हिएतनामकडे जाऊ. तिथलं आपलं काम थोडं आहे, पण महत्त्वाचं आहे.

‘फो’ म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया, हाडं तासन्‌तास उकळून काढलेला नितळ रस्सा, त्यात दालचिनी, चक्रीफूल, भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, वर मांसाचे पातळ काप आणि हिरवा पाला. लोकांना वाटतं हा हजारो वर्षांचा पदार्थ असेल. तसा तो नाही. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, उत्तरेतल्या नाम दिन्ह आणि हनोई परिसरातला. त्या भागात शेतीच्या कामाचा बैल कापून खाण्याची फारशी रीत नव्हती. फ्रेंच आले, त्यांना गोमांस हवं होतं, मागं हाडं उरू लागली. त्या हाडांचा रस्सा, तांदळाच्या शेवया आणि चिनी फेरीवाल्यांची पद्धत यांतून हा पदार्थ आकाराला आला. नावाबद्दलही दोन मतं आहेत. कुणी चिनी शब्दाकडे बोट दाखवतं, कुणी फ्रेंच ‘पो-तो-फ’ या रश्शाकडे. म्हणजे ज्याला आज व्हिएतनामचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतात, त्याच्या जन्मदाखल्यावर तीन देशांचे शिक्के आहेत.

१९५४ साली जिनिव्हा करार झाला आणि १७व्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे पडले. त्या कराराच्या देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्यात भारत, कॅनडा आणि पोलंड होते आणि अध्यक्षपद भारताकडे होतं. करारानंतर काही महिन्यांत आठ ते दहा लाख माणसं उत्तरेतून दक्षिणेत गेली. त्यांच्याबरोबर फो सायगावला गेला. दक्षिणेत भाजीपाला मुबलक, गोडाची आवड. तिथं फोमध्ये मोड आलेले मूग पडले, तुळशीच्या जातीची पानं पडली, गोडसर चटणी आली. हनोईचा माणूस आजही म्हणतो, ‘हा काही खरा फो नाही.’ सायगावचा म्हणतो, ‘तुमचा फो बेचव.’

इकडे उत्तरेत युद्धाचे आणि टंचाईचे दिवस. सरकारी दुकानात फो मिळायचा, पण त्यात मांसच नसायचं. लोकांनी त्याला नाव दिलं ‘वैमानिक नसलेला फो’. का, तर अमेरिकेची टेहळणी करणारी वैमानिकरहित विमानं तेव्हा आकाशात घिरट्या घालत होती. मांस नसलेला फो म्हणजे वैमानिक नसलेलं विमान! भुकेल्या माणसाचा विनोद असा असतो.

आणि सायगावमध्ये ‘फो बिन्ह’ नावाचं एक साधं दुकान होतं. खाली ग्राहक फो खायचे, त्यात अमेरिकन सैनिकही असायचे. वरच्या मजल्यावर कम्युनिस्ट गटाची गुप्त बैठक चालायची. १९६८ सालच्या ‘टेट’ हल्ल्यातली शहरातली काही सूत्रं त्या माडीवरून हलली. ज्या हातानं खाली वाटी यायची त्याच हातानं वर निरोप जायचा. खानावळ ही इतिहासाबाहेरची जागा नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

३० एप्रिल १९७५ला सायगाव पडलं. लाखो माणसं बोटींतून, छावण्यांतून पॅरिस, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया अशी विखुरली. आज जगातल्या मोठ्या शहरांत जी व्हिएतनामी खानावळ दिसते, तिच्यामागं ही पळापळ आहे. शिकागोला किंवा सिडनीला राहणारी आपली मुलं थंडीत ‘फो’ खायला जातात आणि फोटो पाठवतात, तेव्हा त्या वाटीत एका निर्वासिताचा संसार उकळलेला असतो, हे त्यांना सांगायला हवं.

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं खरं, पण दिघोरीत कुठं आली व्हिएतनामी खानावळ? बरोबर आहे. दिघोरीत ती नाही. पण दुसऱ्या एका निर्वासिताची वाटी आपल्यापासून फार लांब नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याच गोठणगाव–प्रतापगड भागात तिबेटी वसाहत आहे. तिचं नाव नोरग्येलिंग. ‘नोर’ म्हणजे धन, ‘ग्ये’ म्हणजे वाढणं, ‘लिंग’ म्हणजे ठिकाण. धन वाढावं असं ठिकाण. महाराष्ट्रातली ही एकमेव तिबेटी शेती-वसाहत.

ही माणसं इथं कशी आली? मार्च १९५९ मध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडलं आणि महिन्याच्या अखेरीस ते भारताच्या हद्दीत आले. मागोमाग हजारो माणसं आली. सुरुवातीची वर्षं त्यांतल्या अनेकांनी हिमालयात रस्त्यांच्या कामावर खडी फोडत काढली. मग वसाहती उभ्या राहिल्या. कर्नाटकात बैलकुप्पे आणि पुढं मुंडगोड, तेव्हाच्या मध्यप्रदेशात सरगुज्यातलं मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी. आणि १९७२ साली आपल्या भंडारा जिल्ह्यात नोरग्येलिंग. १९७२ म्हटलं की महाराष्ट्राला काय आठवतं? दुष्काळ. राज्यातल्या लाखो लोकांना खडी फोडायला जावं लागलं ते वर्ष. त्याच वर्षी बर्फाच्या देशातली माणसं विदर्भाच्या उन्हात, जंगलाच्या कडेला, धानाचे बांध घालायला शिकत होती. ज्यांच्या आजोबांनी आयुष्यात जव आणि याक सोडून काही पाहिलं नाही, ते चिखलणी करायला लागले.

१ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. अर्जुनी मोरगाव गोंदियात गेलं. आपण नकाशे बदलले, पाट्या बदलल्या. पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात आणि त्यांच्या कारभारात या वसाहतीचं नाव अजून ‘भंडारा’च आहे. धर्मशाळेत किंवा मुंडगोडला एखाद्या तिबेटी माणसाला विचारा, तू कुठला? तो म्हणतो, ‘भंडारा.’ आपल्या जिल्ह्याचं नाव जपणारी माणसं अशी आहेत बघा.

आता त्यांच्या वाटीकडे येऊ. तिबेटचं रोजचं अन्न म्हणजे ‘त्साम्पा’, भाजलेल्या जवाचं पीठ. आपल्या सातूच्या पिठाचाच भाऊ. ते लोणी घातलेल्या खारट चहात कालवून खायचं. भंडाऱ्याच्या उन्हात ते जमायचं कसं? जव इथं पिकत नाही, याक इथं जगत नाही. पण थुक्पा जमला. ‘थुक्पा’ हे एका पदार्थाचं नाव नसून पळीवाढ्या, पातळ, गरम रश्शाच्या अख्ख्या कुटुंबाचं नाव आहे. ‘ग्याथुक’ म्हणजे चिनी धाटणीच्या लांब शेवयांचा. ‘बाथुक’ म्हणजे शिंपल्यासारख्या दाबलेल्या छोट्या तुकड्यांचा. ‘थेनथुक’ म्हणजे ओढून तोडलेल्या पट्ट्यांचा. ‘थेन’ म्हणजे ओढणं. आणि ‘गुथुक’ हा वर्षातून एकदाच. ‘गु’ म्हणजे नऊ. त्यांच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या २९व्या तिथीला, लोसार म्हणजे नववर्षाच्या आधी, नऊ जिनसांचा थुक्पा करतात. त्यात कणकेचे मोठे गोळे सोडतात आणि प्रत्येक गोळ्यात काहीतरी लपवलेलं असतं. कुणाला मिरची निघाली तर तो बडबड्या, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा, लोकर निघाली तर मऊ स्वभावाचा. घरभर हसणं. वर्षभराचं मळभ असं एका वाटीत काढून टाकायचं.

मी निवृत्त झाल्यावर तिकडे काही वेळा जाणं झालं. एका घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं मांडून चालवलेली खानावळ. भिंतीवर दलाई लामांचा फोटो, त्याच्या शेजारी बाबासाहेबांचा. रांधणारी बाई सत्तरीची. तिला सगळे ‘आमा-ला’ म्हणतात. ‘आमा’ म्हणजे आई आणि ‘ला’ म्हणजे आदराचा प्रत्यय, आपल्या ‘जी’सारखा. मी थेनथुक मागितला. तेल लावून मुरवलेल्या कणकेची पट्टी तिनं मनगटावर टाकली आणि अंगठ्यानं ओढून, तोडून, तुकडे उकळत्या रश्शात भिरकावायला लागली. हात इतका सरावलेला की नजर माझ्याकडे आणि तुकडे बरोबर पातेल्यात. मग मान वळवून विचारलं, ‘तिखट किती टाकू जी?’ अस्सल आपल्याकडचा हेल. वाटी भरल्यावर पुन्हा विचारलं, ‘वरून सांबार टाकू?’ आता सांबार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्या मराठी माणसाला कळत नाही. त्या बाईला कळतं.

शेजारच्या टेबलावर जवळच्या गावचे एक शेतकरी बसले होते. त्यांच्यापुढं थुक्पा आला. त्यांनी दोन चमचे घेतले आणि म्हणाले, ‘बाई, भात नाही का?’ तिनं काही न बोलता भाताची ताटली आणून ठेवली. त्यांनी सगळा थुक्पा भातावर ओतला आणि कालवून, हातानं, मनसोक्त जेवले. आमच्या झाडीपट्टीत रस्सा भातावरच घ्यायचा असतो. मी आमा-लाकडे पाहिलं. मला वाटलं ती दुखावली असेल. ती म्हणाली, ‘पोट भरलं ना, बस.’

मित्रहो, त्या वाटीची थोडी झडती घेऊ. गहू आपल्याकडचा. चटणीतली लाल मिरची भिवापुरी असली, तरी मिरची मुळात पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून आलेली. कोंबडी गावातली. सांबार बाजारातलं. याकचं मांस नाही, हिमालयातलं पाणी नाही. मग तिबेटचं यात उरलं काय?

इथं मला माझ्या धंद्यातली एक जुनी गोष्ट आठवते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन विचारतो, राजा, तू रथातून आलास. रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग हे सगळे बाजूला काढले तर रथ उरतो का? तेही नाही. म्हणजे ‘रथ’ हे नाव या साऱ्या भागांच्या एकत्र येण्याला, त्यांच्या विशिष्ट मांडणीला दिलेलं आहे. माणसाचंही तसंच, असं नागसेन म्हणतो. थुक्पाचंही तसंच, असं मी म्हणतो. तिबेट त्या वाटीतल्या कोणत्याही एका जिनसेत नाही. ते त्या अंगठ्याच्या ओढण्यात आहे, पीठ किती मुरू द्यायचं या अंदाजात आहे, २९व्या तिथीच्या हसण्यात आहे. हात थांबले तर सगळ्या जिनसा जागेवर असूनही पदार्थ संपतो.

आणि या विचाराचा पुढचा मोठा माणूस म्हणजे नागार्जुन. कोणतीही गोष्ट स्वतःच्या बळावर उभी नसते, प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या आधारानं घडते, हे त्यानं तर्कानं मांडलं. तिबेटी विहारांत आजही त्याचे ग्रंथ वर्षानुवर्षं घोकले जातात, त्यांवर वाद घातले जातात. बुस्तोन या १४व्या शतकातल्या तिबेटी पंडितानं बौद्ध धर्माचा इतिहास लिहिला, त्यात नागार्जुनाचा जन्म विदर्भात झाला असं सांगितलं आहे. आपल्याकडेही रामटेक-मनसरच्या बाजूला नागार्जुनाचं नाव टेकडीला चिकटलेलं आहे. पवनीला जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूप सापडला तो १९६९–७० च्या उत्खननात. नोरग्येलिंग वसायच्या जेमतेम दोन-तीन वर्षं आधी. म्हणजे ही माणसं परक्या मुलखात आली असं आपण म्हणतो खरं, पण त्यांच्या पोथीच्या हिशेबानं ती गुरूच्या माहेरी आली.

बरं, ‘परके’ म्हणताना आपणही जरा मागं वळून बघू. ज्या तलावांवर आपली शेती उभी राहिली, ते बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या परंपरेत आपले पूर्वज काशीकडून आले असं सांगतात. पोवार समाज माळव्याच्या धारचं नाव घेतो. अर्जुनी मोरगावात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत; त्यांच्या हातचा मासा आता इथल्या बाजाराचा भाग झाला आहे. गोंड बांधवांनी आपल्याला ‘तुम्ही कधी आलात?’ असं विचारलं तर आपल्यातल्या बहुतेकांना काहीतरी शतक सांगावं लागेल. कुणाचं शतक सोळावं, कुणाचं अठरावं, कुणाचं विसावं. फरक तारखेचा आहे.

तारखेवरून एक फार गंभीर गोष्ट आठवली. आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यात १९८६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्मानंच भारतीय नागरिक. हे तिबेटी मुलांनाही लागू आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१०मध्ये दिला. म्हणजे एकाच घरात जून १९८७ला जन्मलेली थोरली बहीण नागरिक ठरू शकते, आणि त्यानंतर जन्मलेला धाकटा भाऊ निर्वासिताचं नोंदणी-प्रमाणपत्र घेऊन फिरतो, मुदत संपली की नूतनीकरण करतो. दोघं एकाच आईचा थुक्पा खाऊन वाढलेली. आणि ज्यांना नागरिकत्व मिळू शकतं त्यांतले सगळे ते घेतात असंही नाही. आपण भारतीय झालो तर परत जायचा हक्क सोडला असं होईल का, ही टोचणी अनेकांना असते. ज्याचं घर कधी हरवलं नाही त्यानं या टोचणीला हसू नये.

हिवाळ्यात नागपूरला तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो, तो तुम्ही पाहिला असेल. धान निघालं की वसाहतीतली घरंच्या घरं कुलूप लावून शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. ती गरज समजण्यासारखी आहे. पण आता तरुण मुलं वर्षभरासाठी, कायमची जायला लागली आहेत. बेंगळुरू, दिल्ली, आणि तिथून युरोप, अमेरिका. आमा-लाची मुलंही बाहेर आहेत. मी विचारलं, तुमच्यानंतर हे कोण करणार? ती म्हणाली, ‘तिकडे मशीनची शेवई मिळते म्हणे.’ त्यात तक्रार नव्हती. पण मला ते वाक्य घरी येईपर्यंत सोडेना.

सोडेना याचं कारण असं की हेच वाक्य मी आपल्या घरांतही ऐकलं आहे. सरगुंडे आता कोण करतं? पुढच्या रांगेतल्या बहिणींनो, तुमच्या सासूबाई करत होत्या. तुमच्यापैकी काही जणी करतात. तुमच्या सुना? पाच बायका एकत्र आल्याशिवाय ते काम होत नाही. एकीनं मळायचं, एकीनं तार काढायची, एकीनं काडीवर गुंडाळायचं, आणि बाकीच्यांनी बोलत राहायचं. ती बैठक मोडली. शेवई यंत्रातून आणता येते, बैठक आणता येत नाही. मंडईच्या रात्री, नाटकाला जाताना, आपली पोरं चायनीजच्या गाडीवर नूडल्स खातात. खाऊ देत, मी त्यांना नावं ठेवत नाही. शेवईनं नेहमीच असे प्रवास केले आहेत. पण आपण एकाच पिढीत आपले सरगुंडेही विसरलो आणि शेजारच्या आमा-लाचा थुक्पाही चाखला नाही, तर मग आपल्या हातात उरलं काय? फक्त पाकीट.

इतिहास लिहिणारे लोक कागद शोधतात. तो शोधायलाच हवा. पण सरगुंड्यांचा कागद नाही, थेनथुकचाही नाही. हाताच्या सवयीचा दस्तऐवज हातच असतो, आणि हात म्हातारे होतात. व्हिएतनामी लोकांनी युद्धात घर गमावलं पण फो सांभाळला. सांभाळला म्हणजे तसाच ठेवला नाही. सायगावला बदलला, पॅरिसला बदलला, कॅलिफोर्नियात तर पुरता बदलला. तो टिकला, कारण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आपल्या पोराला पातेल्याजवळ उभं केलं आणि सांगितलं, बघ, असं करायचं. परंपरा टिकवणं म्हणजे बदल थांबवणं, असा आपला एक समज आहे. वाटी तसं सांगत नाही. ती सांगते की बदल होऊ दे, पण करणारा आणि शिकणारा एका चुलीपाशी हवेत.

म्हणून व्याख्यान संपवताना तुमच्याकडे दोन मागण्या करतो, म्हाताऱ्याचा हट्ट समजा. येत्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी सरगुंडे करणारी आजी आहे, त्यांनी तिच्या शेजारी नातीबरोबर नातवालाही बसवावं. मोबाइल आहेच, हात चालू असताना चित्रण करून ठेवा, तिचं बोलणंही घ्या. आणि इथल्या शाळांचे जे शिक्षक आले आहेत त्यांना सांगतो, सहल दरवर्षी नवेगावबांधला जाते, पुढं इटियाडोहला जाते. गाडी जरा नोरग्येलिंगलाही थांबवा. मुलांना विहार दाखवा, आणि तिथल्या एखाद्या घरी आधी सांगून, पैसे देऊन, थुक्पा जेवायला बसवा. सोबत आपले सरगुंडे न्या. त्या बायका ते हातात घेऊन बघतील, काडी कशी ओढली ते विचारतील. त्यानंतरचं बोलणं त्यांच्या त्यांच्यात होईल, तिथं आपलं काम नाही.

मी पुष्कळ बोललो. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि कुणाला सरगुंड्यांची आपल्या घरची पद्धत वेगळी आहे असं सांगायचं असेल तर ते आधी सांगा.